समुद्राची भरती-ओहोटी : तिचे कारण व तिचा हिशेब
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



महोत्सव-समितीने ह्या व्याख्यानमालेत एक दिवस आमच्याकडे सोपविला आणि विषयाची निवड आमच्या मर्जीवर ठेविली. धर्मगुरू बोलावयास उभा राहिला म्हणजे तो प्रवचनच करणार, असा समज असणे साहजिक आहे. परंतु प्रवचन आपण दर रविवारी ऐकताच. आज आम्ही आपल्याशी बोलणार आहो ते आपल्या दारच्या समुद्राविषयी. ज्या गावाला एका बाजूस दर्या व दुसऱ्या बाजूस खाडी लाभली आहे, ज्या गावात नाखवा, मिठागरी व बागायतदार एकाच देवळात शेजारी-शेजारी बसतात, त्या गावाने भरती-ओहोटीचा हिशेब समजून घेऊ नये, हे आम्हांस बरे दिसत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांस हा हिशेब तोंडपाठ होता. आजच्या मुलांस तो ठाऊक नाही. आणि तो ठाऊक नसल्याची किंमत मोठी असते, हे पुढे सांगूच.

प्रथम, जे आपण सर्वजण नित्य पाहतो ते नीट शब्दांत मांडू. समुद्राचे पाणी सुमारे सहा तास चढते व सुमारे सहा तास उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. आणि पाणी पार तळाला गेले म्हणजे आपण सुकती म्हणतो. एका पूर्ण भरतीपासून दुसऱ्या पूर्ण भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणजे दिवसातून दोनदा भरती येते खरी. परंतु काल ज्या वेळेस आली त्याच वेळेस आज येत नाही, सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. दुसरी गोष्ट अशी की, भरती रोज सारखी नसते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास पाणी खूप चढते व तितकेच खूप उतरते; त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते थोडे चढते व थोडे उतरते. त्यास भांग म्हणतात. मुंबईस अपोलो बंदरावर जे मोजमाप झाले आहे त्याप्रमाणे उधाणाची भरती सरासरी ४.४२ मीटरांपर्यंत चढते व ओहोटी ०.७६ मीटरपर्यंत उतरते. म्हणजे पाण्याची चढउतार सुमारे साडेतीन मीटरांहून अधिक, जवळजवळ बारा फूट, होते. भांगाच्या दिवसांत भरती ३.३० मीटर व ओहोटी १.८६ मीटर, चढउतार दीड मीटरांहूनही थोडी कमीच. ह्या दोन आकड्यांतील फरक ध्यानात ठेवावा. एकाच किनाऱ्यावर, एकाच पंधरवड्यात, समुद्राचे बळ दुपटीहून अधिक वाढते व पुन्हा कमी होते.

हे असे का होते, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३२५ साली शिकंदर बादशहा सिंधू नदीच्या मुखाशी आपले गलबतांचे आरमार घेऊन उतरला. त्याचे लोक भूमध्य समुद्राच्या काठचे. आणि त्या समुद्रास भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पाणी एकाएकी ओसरले व गलबते चिखलात कोरडी पडली, तेव्हा ते शूर शिपाई भांबावून गेले. पुढे पाणी परत वेगाने आले व पुष्कळ गलबतांची नासधूस झाली. ही हकीकत एरियन नामक इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. जगज्जेत्याच्या फौजेस जे ठाऊक नव्हते, ते सिंधूच्या मुखाशी राहणाऱ्या कोणत्याही कोळ्याच्या पोरास ठाऊक असणार. त्यानंतर सुमारे चार शतकांनी एका ग्रीक खलाशाने आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्यात भडोच बंदराविषयी तो सांगतो की, तेथील भरतीचा लोंढा इतका भयंकर असे की परक्या गलबतांस वाट दाखविण्यासाठी राजाच्या चाकरीतील स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन दूरवर सामोरे जात व भरतीच्या सुरुवातीसच गलबते आत आणीत. दर्याची वेळ जाणणाऱ्या माणसास राजदरबारी पगार मिळत होता, ही गोष्ट आमच्या कोळी बांधवांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी.

चंद्राचा व भरतीचा संबंध आहे हे पुष्कळांनी पाहिले होते. त्यांतील एकाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्ब्रिया प्रांतातील एका मठात संत बीड नावाचे संन्यासी राहत असत. त्यांनी ७२५ साली कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी नमूद केले आहे की, चंद्र रोज सुमारे ४८ मिनिटे उशिरा उगवतो व भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आणि एकाच किनाऱ्यावरील निरनिराळ्या बंदरांत भरतीची वेळ निरनिराळी असली, तरी प्रत्येक बंदराचा आपापला नियम कायम राहतो. आता गंमत पाहा. ४८ मिनिटे म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर दोन घटका. नॉर्थम्ब्रियाचा संन्यासी व कोकणचा नाखवा ह्यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही. परंतु दोघांनी एकाच चंद्राकडे पाहिले व दोघांचा हिशेब एकच आला.

नियम सापडला, तरी कारण सापडावयास आणखी हजार वर्षे जावी लागली. केप्लर ह्या ज्योतिष्याने १६०९ साली असे मत मांडिले की चंद्र समुद्राच्या पाण्यास आपल्याकडे ओढतो. गॅलिलिओसारख्या थोर पुरुषास हे पटले नाही. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात त्याने प्रतिपादन केले की, पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्र हिंदकळतो व त्यामुळे भरती येते. आणि चंद्राचे नाव घेणाऱ्या केप्लरबद्दल त्याने आश्चर्य व्यक्त केले. ह्या बाबतीत केप्लरचे म्हणणे खरे ठरले व गॅलिलिओचे खोटे. शेवटी १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम जगापुढे ठेविला व भरती-ओहोटीचे कोडे सुटले.

ते कसे सुटले हे आता सोप्या रीतीने पाहू. चंद्र पृथ्वीस ओढतो. परंतु जी वस्तू जवळ असते तिला अधिक व जी दूर असते तिला कमी ओढतो. पृथ्वीच्या ज्या अंगावर चंद्र डोक्यावर असतो, तेथील पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा चंद्राच्या अधिक जवळ. म्हणून ते पृथ्वीच्या मानाने पुढे ओढले जाते व तेथे फुगवटा येतो. ह्याच्या उलट अंगास जे पाणी आहे ते चंद्रापासून अधिक दूर. त्यास ओढ कमी. पृथ्वी चंद्राकडे ओढली जाते, आणि हे पाणी जणू मागे राहते. म्हणून तिकडेही फुगवटा येतो. असे दोन फुगवटे, एक चंद्राकडे व एक त्याच्या पाठीस. पाणी सरळ वर उचलले जाते असे मात्र कोणी समजू नये. ते आजूबाजूच्या समुद्रातून वाहत ह्या दोन ठिकाणी गोळा होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा आपला किनारा दिवसातून एकदा ह्या फुगवट्याखालून व एकदा त्या फुगवट्याखालून जातो. म्हणून भरती दोन. पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्र आकाशात थोडा पुढे सरकलेला असतो. त्यास गाठावयास पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून रोजचा तो उशीर.

कोणी विचारील, सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी मोठा. मग भरती सूर्याची का नव्हे? प्रश्न रास्त आहे. सूर्याचे वजन चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे. परंतु तो चंद्राच्या सुमारे ३९० पट दूर आहे. भरती आणणारे बळ निव्वळ ओढीवर अवलंबून नसून जवळच्या व दूरच्या अंगांवरील ओढीत जो फरक पडतो त्यावर अवलंबून असते. आणि हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. ३९० चा घन केला तर तो सुमारे ५ कोटी ९० लाख येतो. २ कोटी ७० लाखांस ५ कोटी ९० लाखांनी भागा. उत्तर निम्म्याहून थोडे कमी येईल. म्हणजे एवढा बलाढ्य सूर्य, परंतु भरतीच्या कामी चंद्राच्या निम्म्याइतकाही नाही. आमच्या मते ह्यात व्यवहारालाही एक बोध आहे; पण तो ज्याचा त्याने काढावा.

अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांची ओढ एकत्र होते व उधाण येते. अष्टमीस ती एकमेकांशी काटकोनात असतात. सूर्य चंद्राचे काही बळ खाऊन टाकतो व भांग पडते. मात्र समुद्र हा जड देह आहे, त्यास हुकूम पोचावयास वेळ लागतो. म्हणून सर्वांत मोठे पाणी पौर्णिमेच्या दिवशी न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते. शिवाय चंद्र पृथ्वीभोवती फिरताना कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरांच्या आसपास येतो, तर कधी ४ लाख ६ हजारांच्या आसपास जातो. अगदी जवळचा चंद्र अगदी दूरच्या चंद्राच्या जवळजवळ दीडपट बळ लावतो. उधाण व जवळचा चंद्र एकाच वेळी आले म्हणजे मिठागराच्या बांधांची खरी परीक्षा असते.

ही झाली आकाशाची बाजू. परंतु निव्वळ आकाश पाहून बंदराची भरती सांगता येत नाही. जमिनीचीही बाजू आहे. तळाची खोली व किनाऱ्याचा आकार ह्यांप्रमाणे पाणी फुगते. आपल्याच पश्चिम किनाऱ्याचे उदाहरण घ्या. कोचीस चढउतार एक मीटरही नसते. गोव्यास ती सुमारे दोन मीटर. मुंबई-वसईस साडेतीन मीटरांवर. आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ मोठ्या उधाणास ती दहा मीटरांच्या घरात जाते. कारण असे की, आपल्या बाजूस किनाऱ्यालगतचा उथळ तळ फार रुंद आहे, आणि खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. रुंद तोंडातून शिरलेले पाणी पुढे जागा न मिळाल्यामुळे वर चढते. खाडीतही हाच प्रकार लहान प्रमाणात होतो, आणि भरती बंदरापेक्षा खाडीच्या आतल्या अंगास उशिरा पोचते. म्हणून मुंबईची वेळ आपल्या गावास मिनिटाबरहुकूम लागू पडेल असे नाही; थोडा फरक राहणारच. संत बीडांनी हेच सांगितले होते.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा चालत आला आहे, तो असा : तिथीस पाऊणने गुणावे, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीन व रात्री तीन ह्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. दशमीस साडेसात. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. भरतीच्या वेळेत सहा तास व वर थोडी मिनिटे मिळविली की सुकती आली. पाटी नको, पेन्सिल नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहिली की झाले.

हा ठोकताळा कशावर उभा आहे? पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. खरा उशीर तिथीगणिक सरासरी ५० मिनिटांच्या जवळपास. म्हणजे ठोकताळा प्रत्येक तिथीस थोडा मागे पडतो, आणि पंधरवड्याच्या अखेरीस सव्वाअकरा सांगतो, तेव्हा प्रत्यक्ष भरती बाराच्या सुमारास असते. पाऊण तासाऐवजी दोन घटका घेतल्या तर पंधरा तिथींचे बरोबर बारा तास होतात व हिशेब अधिक जुळतो. परंतु पाऊणचा पाढा म्हणावयास सोपा, म्हणून तोच रूढ झाला असावा. तसेच उशीर रोज सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो चाळीस मिनिटांच्या आसपास, भांगाच्या दिवसांत तासाहून अधिक. यास्तव ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाची, क्वचित तासाभराचीही, चूक धरून चालावे. ज्यास मिनिटांनिशी वेळ पाहिजे त्याने छापील कोष्टक पाहावे.

अशी कोष्टके तयार करण्याचे कामही मोठे मनोरंजक आहे. अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे. आशिया खंडातील अत्यंत जुन्या नोंदींपैकी ती एक होय. विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८७२ च्या सुमारास चाके व कप्प्या ह्यांचे एक यंत्र योजिले. चंद्रसूर्याची एकेक गती एकेका चाकास नेमून दिली, सर्वांवरून एकच दोर घेतला, आणि दोराच्या टोकास लेखणी बांधली. यंत्र फिरविले की लेखणी वर्षभराच्या भरती-ओहोटीची रेघ काढीत जाई. तसेच एक यंत्र १८७९ साली खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तयार झाले. आज हे काम गणकयंत्रे क्षणात करितात, परंतु रीत मूळची तीच.

तिथी व भरती ह्यांची ही गाठ एकदा समजली म्हणजे सणांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी येते. जो सण तिथीवर चालतो त्याची भरतीही ठरलेली. नारळी पौर्णिमेस भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास; अनंतचतुर्दशीस साडेदहा-अकराच्या सुमारास, सकाळी व रात्री. आमचा नाताळ सौर गणनेचा. म्हणून त्या दिवशी कोणतीही भरती असू शकते. परंतु पास्कासणाची गोष्ट निराळी. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो पास्कासण, असा नियम आहे. मग त्याच्या आधीचा पवित्र शुक्रवार चतुर्दशीच्या आधी येऊ शकत नाही व पौर्णिमेनंतरच्या पाचव्या दिवसापलीकडे जाऊ शकत नाही. चर्चच्या कोष्टकातील पौर्णिमा व आकाशातील पौर्णिमा ह्यांत कधी एखाद्या दिवसाचा फरक पडेल तेवढाच. आता पाऊणचा पाढा म्हणा. चतुर्दशीस साडेदहा, पंचमीस पावणेचार. अर्थात पवित्र शुक्रवारी आपल्या किनाऱ्यावर दिवसाची पूर्ण भरती सकाळी साडेदहा ते दुपारी चार ह्यांच्या दरम्यानच केव्हातरी येणार, ह्यात खंड पडत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी हे कधी ताडून पाहिले आहे? ह्यापुढे अवश्य पाहावे.

ज्यांचा संसार दर्यावर चालतो त्यांस हे सांगावयास नकोच. डोल जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते पाण्यात धरितात. पाणी वाहू लागले म्हणजे बोंबील, जवळा आपोआप आत येतो, आणि पाणी फिरण्यापूर्वी, ते स्थिर असतानाच, जाळे ओढून घ्यावे लागते. उधाणात पाण्यास ओढ, म्हणून जाळ्यास मासळी. भांगात पाणी मंद, म्हणून नाखव्यास विसावा व जाळी सांधावयास सवड. मिठागरात उधाणाचेच पाणी आत घेतात. खाजणाच्या शेतीत ओहोटीस उघाडी उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडितात व भरतीस ती बंद ठेवून खारे पाणी अडवितात. असे हे सारे जीवन चंद्राच्या घड्याळावर चालत आले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला ती सांगतो. ह्या किनाऱ्यावर सेवा करीत असता समुद्राने नेलेल्या तरुणांचे अंत्यविधी आम्हांस करावे लागले आहेत. त्यांच्या आईबापांच्या शेजारी आम्ही बसलो आहो. त्यांतील बहुतेक मुले पोहणारी, धट्टीकट्टी. त्यांच्या अंगात बळ होते; वेळेचे ज्ञान मात्र नव्हते. म्हणून प्रत्येक घरात पुढील हिशेब मुलांस शिकवावा अशी आमची विनंती आहे.

भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पावे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात जो खडकावर बसून पाण्याकडे पाहतो त्यास वाटते की समुद्र अगदी संथ आहे. तिसरा तास लागला की तेच पाणी तिप्पट वेगाने येते. उधाणाच्या दिवशी त्या एका तासात ते सुमारे तीन फूट चढते. जेथे पुळण इतकी सपाट आहे की पन्नास पावले चालावे तेव्हा एक पाऊल उतार लागावा, तेथे तीन फूट चढलेले पाणी दीडशे फूट आत येते. आणि ते नेहमी समोरूनच येते असे नाही. मागच्या सखल पन्हळीतून आधी शिरते, व खडकावर बसलेल्याची परतीची वाट अगोदर बंद होते. मुंबईस हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते, हे सर्वांस माहीत असल्यामुळे लोक वेळ पाहून जातात. आपल्या खडकांच्या वाटाही तशाच आहेत. परंतु तेथे सांगावयास कोणी नाही.

ओहोटीही निरुपद्रवी नव्हे. खाडीच्या मुखाशी उतरते पाणी तिसऱ्या व चौथ्या तासात असे ओढून नेते की त्याच्याविरुद्ध पोहणे पट्टीच्या पोहणाऱ्यासही कठीण. तेव्हा नियम असा : खडकांवर जावयाचे तर ओहोटी अर्धी उतरल्यावर जावे व सुकती होताच परत फिरावे, खाडीच्या मुखाशी उतरत्या पाण्यात शिरू नये, आणि पावसाळ्यात, पाणी कितीही शांत दिसले तरी, अंग भिजविण्यापलीकडे जाऊ नये. आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे दिवसाच्या व रात्रीच्या भरतीत ऋतुमानाप्रमाणे फरक पडतो. हिवाळ्यातील उधाणात रात्रीची भरती मोठी असते, पावसाळ्यातील उधाणात दिवसाची. म्हणजे ज्या महिन्यांत वारा, लाटा व पाऊस एकवटतात, त्याच महिन्यांत भर दुपारी वर्षातील मोठमोठ्या भरत्या येतात.

ह्याचे फळ काय होते हे आपण पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महिन्याची पौर्णिमा २१ तारखेस होऊन गेली होती. २६ तारीख हा त्यानंतरचा पाचवा दिवस. पाच पाऊण पावणेचार. आणि खरोखर त्या दुपारी चारच्या सुमारासच भरतीचे पाणी पूर्ण चढले होते. आकाशातून पाणी, समुद्राकडून पाणी. नद्यानाल्यांस तोंड उघडे राहिलेच नाही. पुढे २०१८ सालच्या जुलै महिन्यात हाच प्रसंग आपल्या वसईवर आला. १३ तारखेस अमावास्या होती. त्या अगोदरच्या दिवसांत पावसाने वस्त्या बुडाल्या, आगगाड्या थांबल्या, मिठागरातील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. पाऊस आपल्या हातचा नाही व चंद्रही नाही. परंतु पाण्याची जागा आपल्या हातची होती. पूर्वी भरतीच्या वेळी अडलेले पाऊसपाणी सहा तास कोठेतरी थांबत असे. खाजणात थांबे, तिवरांत थांबे, वाडीतील बावखलात थांबे, आणि ओहोटी लागली की निघून जाई. खाजणे भरली, तिवरे तोडली, बावखले बुजविली, तर ते सहा तास पाण्याने कोठे काढावयाचे? ते आपल्या ओटीवरच काढणार.

आणि समुद्र जेथे होता तेथेच राहिलेला नाही. अपोलो बंदराच्या जुन्या नोंदींवरून दिसते की विसाव्या शतकात तेथील सरासरी पातळी वर्षास एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने वाढत होती. परंतु १९९३ पासून उपग्रहांनी केलेल्या मोजणीप्रमाणे जगाच्या समुद्राची सरासरी पातळी वर्षास तीन मिलिमीटरांहून अधिक वाढत आहे. आकडा लहान दिसतो. पण ज्या बांधाच्या माथ्यापर्यंत आज उधाणाचे पाणी येऊन टेकते, त्या बांधास लहान आकडाही पुरेसा आहे. विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले की बागायतदारास ते अगोदर कळते.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी आम्ही आपल्याजवळ तीन गोष्टी मागतो. पहिली, प्रत्येक वाड्यातील एका जाणत्या नाखव्याने किंवा म्हातारीने धर्मशिक्षणाच्या वर्गास येऊन मुलांस पाऊणचा पाढा व बारा भागांचा हिशेब शिकवावा. मुले किनाऱ्यावर जाऊन तो ताडून पाहतील. दुसरी, देवळाच्या दारातील फलकावर ख्रिस्तयागाच्या वेळांखाली त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या जाव्यात. हे काम तरुण मंडळाने पत्करावे, कोष्टक आम्ही देऊ. तिसरी, ज्यांच्या वाडीत बावखल शिल्लक आहे त्यांनी ते बुजवू नये, आणि नाल्याचे तोंड कोणी अडवीत असेल तर शेजारधर्म म्हणून त्यास वेळीच सांगावे.

ह्या तिन्ही गोष्टींस फारसा पैसा लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे देऊळ बांधिले, त्यांपैकी पुष्कळांनी दगड-चुना भरतीच्या पाण्यावर होड्यांतून आणिला असे जुनी मंडळी सांगतात. भरतीची वाट पाहावी, ती आली की क्षणही न दवडता होडी लोटावी, हे त्यांस ठाऊक होते. ते ज्ञान त्यांनी आपल्या हाती दिले. आपण ते पुढच्या हाती द्यावे, एवढेच मागणे करून आम्ही आपली रजा घेतो. आज शुद्ध दशमी आहे. साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण भरेल. ज्यांस आमचा हिशेब तपासून पाहावयाचा आहे त्यांनी येथून उठल्यावर बंदरावर जाऊन पाहावे, आणि लहान मुलांस हाताशी धरून न्यावे.